अण्णांना गॅप सोसत नाही

समस्त करवीरकर रसिकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, अण्णा मगदूम आसपास असताना कुणीही वाक्य अर्धवट सोडू नये. सोडल्यास उरलेलं वाक्य अण्णा पूर्ण करतील, तेही मोठ्याने, आणि त्यानंतर जे काही घडेल त्याला आमची नाट्यसंस्था जबाबदार राहणार नाही.

अण्णा आमचे प्रॉम्प्टर. विंगेत बसायचं आणि नट वाक्य विसरला की ते हळूच पुरवायचं, हे त्यांचं काम. यातलं ‘हळूच’ तेवढं अण्णांना जमत नाही. सगळा जन्म शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत, भट्टीच्या आवाजावर ओरडण्यात गेला. त्यामुळे इतरांचं ओरडणं ते अण्णांचं कुजबुजणं. त्यात अण्णा पक्के जैन. दिवस मावळला की पाण्याचा थेंब नाही. आणि आमचे प्रयोग रात्रीचे! त्या कोरड्या घशातली कुजबुज पत्र्यावर कानस घासावी तशी थेट शेवटच्या रांगेपर्यंत पोचते.

“अण्णा, आवाज जरा बारीक करा की,” असं कुणी म्हटलं, तर उत्तर ठरलेलं: “बारीकच हाय की! पर गॅप पडली की नाटक मेलं, पावणं.” अण्णा सगळ्यांनाच पावणं म्हणतात. मलाही, आणि आमची घरं एका बोळात आहेत.

बरं, विंगेबाहेर तरी ही खोड थांबावी? मिसळीच्या दुकानात कुणी “एक मिसळ, आणि…” म्हणून विचारात पडला, की शेजारच्या टेबलावरून अण्णा: “कट जादा!” माझ्या भाच्यासाठी मुलगी बघायला गेलो, तेव्हा त्यांना बरोबर नेण्याची दुर्बुद्धी मला झाली. मुलीनं विचारलं, “तुमचा छंद काय?” भाचा क्षणभर थांबला.

“वाचन!” अण्णा म्हणाले.

“अलीकडे काय वाचलंत?”

भाच्यानं मोठ्या आशेनं अण्णांकडे बघितलं. अण्णा पंख्याकडे बघत होते. मी पोह्यांच्या बशीत तोंड घातलं ते निरोप घेईपर्यंत वर काढलं नाही.

सांत्वनाला गेल्यावर तर विचारूच नका. एका घरी बाई म्हणाल्या, “ह्यांनी शेवटपर्यंत मला…” आणि त्यांना हुंदका आला. अण्णांनी लगेच वाक्य पुरवलं, “काय कमी पडू दिलं न्हाय!” बाईंचा हुंदका जागच्या जागी थांबला. “कसलं वो! लई छळलं,” त्या म्हणाल्या. बसलेल्या सगळ्यांना एकदम आपापल्या चपला आठवल्या.

तर यंदा आमच्या संस्थेनं ठरवलं की नाटक नुसतं थिएटरात करायचं नाही, लोकांच्यात न्यायचं. पैलवानांच्या तालमीत, शाळांत, देवळापुढे. नाटक बाप-लेकीचं आणि गंभीर. बाप मी, लेक प्राजक्ता. जयसिंगपूरच्या प्रयोगात लेक घर सोडून निघते, बाप थांबवतो, ती वळते, त्याच्याकडे नुसती बघत राहते आणि मग म्हणते, “मी परत येणार नाही.” त्या बघण्यावर आमच्या दिग्दर्शकाचा फार जीव. पोरीनं त्यासाठी महिनाभर घाम गाळला होता.

प्राजक्ता वळली. बघत राहिली. सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू यावं, अशी शांतता. टाचणी पडली नाही. विंगेतून अण्णा पडले: “मी परत येणार न्हाय!”

ती हलली नाही. पोरगी जिद्दीची.

“आगं, मी परत येणार न्हाय, म्हण की!”

मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, “नगं येऊ जा!”

पुढचं काय सांगू? प्रमुख पाहुणे रुमालात तोंड खुपसून हसत होते. प्राजक्ता मेकअपरूममध्ये रडत होती. आम्ही सगळे मागच्या दारानं, चोरी करून निघाल्यासारखे, माना खाली घालून टेम्पोत बसलो. कोल्हापूर येईपर्यंत कुणी बोललं नाही. अण्णासुद्धा.

दुसऱ्या दिवशी संस्थेनं ठरवलं की अण्णांना थांबवायचं. सांगायचं कुणी? ज्याचं घर जवळ, त्यानं.

दुपारी गेलो. दार अण्णांच्या बायकोनं, वैनींनी उघडलं. गेल्या वर्षी वैनींना अर्धांगाचा झटका आला होता. चालायला लागल्या, पण बोलणं गेलं होतं. अण्णांना विचारलं की “बरं हाय” एवढंच म्हणायचे. मी आत अण्णांशेजारी बसलो. वैनी मला बघून हसल्या. “च…” म्हणाल्या, आणि थांबल्या.

“चहा” माझ्या ओठांवर आला होता. अण्णांनी माझं मनगट असं दाबलं की तो तिथेच राहिला.

आम्ही बसून राहिलो. वैनी शब्द शोधत होत्या. आणि अण्णा, गॅप न सोसणारे अण्णा, ओठ घट्ट मिटून त्यांच्याकडे बघत होते. कपाळावरची शीर टरारून फुगली होती. बाहेर भंगारवाला आला, ओरडून गेलासुद्धा.

“…चहा,” वैनी म्हणाल्या.

हाऊसफुल्लचा बोर्ड बघितल्यासारखे अण्णा फुलले. वैनी आत गेल्यावर म्हणाले, “डाक्टरनी सांगितलंय, शबूद पुरवायचा न्हाय. तिचा तिनंच हुडकायचा. एकेक शबूद येतोय आता. आख्खं वाक्य न्हाय आलं अजून. दिसभर तोंड दाबून बसतोय, पावणं. भाईर पडलो की मग सुटतंय बघा.”

मी घसा खाकरला. “अण्णा, मी आलोय ते…”

“ठावं हाय. त्या पोरीला रडवली मी. तोंड दावायला जागा ठेवली न्हाय. फुडच्या खेळाला खाली बसतो, हिच्याशेजारी. शबूद काढनार न्हाय.”

मी सांगायला आलेलं वाक्यही अण्णांनीच पूर्ण केलं. मी मान खाली घालून चहा प्यायलो.

पुढचा खेळ गडमुडशिंगीला, देवळापुढच्या पटांगणात. अण्णा आणि वैनी पहिल्या रांगेत. विंगेत कुणी नाही. आधुनिक रंगभूमीला प्रॉम्प्टर लागत नाही, असं दिग्दर्शकाचं मत. प्राजक्ता वळली, बघत राहिली, तिचं वाक्य म्हणाली. पटांगण गार पडलं. आता बापाचं उत्तर. म्हणजे माझं.

डोकं कोरं. पार कोरं! मी विंगेकडे बघितलं, तिथे मोकळी खुर्ची. प्राजक्ताकडे बघितलं, तिच्या डोळ्यांत आता खरं पाणी. पोरंटोरं खिदळायला लागली. धरणी दुभंगावी म्हणतात ती अशा वेळी कधी दुभंगत नाही. मी खाली बघितलं. अण्णांनी दोन्ही हात तोंडावर गच्च दाबले होते, चेहरा लालबुंद, आणि ते माझ्याकडे न बघता जमिनीकडे बघत होते, जणू विसरले ते स्वतःच.

वैनींनी माझ्याकडे बघितलं. मग अण्णांकडे. मग त्यांना कोपरानं ढोसलं, आणि सगळ्या पटांगणाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या:

“अवो, गप काय बसलाय? सांगा की त्यास्नी!”