तीन दगडांची खूण

“यंदा त्या चिखल्याला घरट्यावरच धरतो की नाही बघ!” पुटुलिकने चहाचा मग आपटून जाहीर केलं.

“आठवडाभर धरतोयस,” बायको आलासी म्हणाली. “आतापर्यंत फक्त सर्दी धरलीस.”

पक्षी-अभ्यासकांच्या तळावर त्याला नुकतीच निरीक्षकाची नोकरी लागली होती. गेल्या उन्हाळ्यात चिखल्या पक्ष्याच्या पायात बांधलेलं, त्याचा प्रवास नोंदणारं यंत्र परत आणलं तर ती टिकणार. नाहीतर पुन्हा गावात पाण्याचा टँकर चालवणं! आणि तो मूठभर पक्षी म्हणजे अट्टल नट. माणूस दिसला की पंख मोडल्यासारखा फरफटत पळायचा. पुटुलिक भान हरपून त्याच्यामागे, घरटं भलतीकडेच! टुंड्राच्या चिखलाने त्याचा एक बूट कायमचा ठेवून घेतला होता.

अखेर त्याला अक्कल आली. पक्षी पळाला, तसा पुटुलिक उलट दिशेला चालला. चार अंडी! हरखून त्याने शेजारी तीन दगड एकावर एक रचले आणि तो सापळा आणायला धावला.

परत येतो तर दगड शाबूत, अंडी गायब! चिखल्या समोर उभा, दोन्ही पंख ठणठणीत. आता नाटक तरी कशासाठी करायचं?

घरी सासूबाई तृप्तपणे तोंड पुसत होत्या. जावयाने सासूशी थेट बोलायचं नाही ही रीत, त्यामुळे भांडणही आलासीमार्फत.

“अगं, नवऱ्याला सांग, अंडी फारच बारकी निघाली.”

“तुझ्या आईला विचार, घेतली कुणाला विचारून?”

“त्याला म्हणावं, अंडी वेचायच्या दिवसांत जावई दगड रचून ठेवतो, ते काय कोल्ह्यासाठी?”

“तिला सांग, ती माझी नोकरी होती!”

“सांग, एक ठेवलंय त्याच्यासाठी.”

पुटुलिकने आपली नोकरी मुकाट्याने सोलून खाल्ली. अंडं कच्चं राहिलं होतं. तेही सांगायची सोय नव्हती.

काही दिवसांनी तो टँकर चालवत असताना रस्त्याकडेला तोच चिखल्या पंख फरफटत धावू लागला. म्हणजे पुन्हा अंडी! यंत्रही पायात! पुटुलिकने वायरलेसवर बोलून तळावरून सापळा मागवला आणि टँकर तिथेच सोडून तो घरट्याजवळ पालथा पडला. या वेळी दगड नाहीत, खूण नाही. कुणाला पत्ता लागतोय!

पावलं वाजली. सासूबाई! हातात बादली. मोकळ्या माळावर उभा केलेला टँकर. एवढी मोठी खूण जावयाने आजवर कधी ठेवली नव्हती.

बोलता तर येईना. पुटुलिक उठला, एक हात लुळा पाडला आणि विव्हळत, लंगडत घरट्यापासून लांब पळत सुटला.

सासूबाईंनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. मग बादली सावरली आणि त्या सरळ उलट दिशेला चालू लागल्या.