एकवीस दिवस निरसं दूध

शुक्रवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी हेडक्लार्कच्या घरात दूध उतू गेलं.

घटना तशी किरकोळ. दूध कुणाकडे उतू जात नाही? पण या घरात एकवीस दिवस दूध तापवायलाच बंदी होती! बंदी घालणारे हेडक्लार्क रोज साडेसहाला उठायचे. त्या दिवशी नेमके सहाला उठले आणि करपल्या वासामागोमाग स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

शेगडीपाशी त्यांची आई. हातात सांडशी, चेहऱ्यावर चोरी.

"आई! हे काय?"

"कुठे काय? शेजारच्यांचं उतू गेलं असेल."

"शेजारच्यांचं दूध आपल्या शेगडीवर?"

तीन आठवड्यांपूर्वी हेडक्लार्कनी कुठेसं काहीतरी वाचलं आणि जेवता जेवता जाहीर केलं, "उद्यापासून मी निरसं दूध पिणार. तापवलं की दुधातला जीव जातो! डेअरीतून पिशव्या भरून येतं ते दूध नव्हे, दुधाचं प्रेत!"

हे त्यांनी सांगितलं बायकोला, आणि बायको अठरा वर्षं दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत नोकरीला!

"अहो, तुम्ही ज्याला जीव म्हणताय ना, त्याला आम्ही जंतू म्हणतो."

"असू देत. पाहुण्यासारखे येतील आणि जातील."

"जाताना ते एकटे जात नाहीत!"

पण हेडक्लार्कनी एकदा शेरा मारला की तो खोडायची सोय नसे. रोज संध्याकाळी किटली घेऊन ते गावाबाहेरच्या गवळ्याकडे चालत जाऊ लागले. रात्रभर दूध फ्रीजमध्ये, सकाळी सातला ग्लासभर पोटात. परिणामांची वही केली. "दिवस चौथा : डावा गुडघा गप्प. दिवस नववा : जिना चढताना दम लागला नाही. दिवस पंधरावा : राग आला, पण टिकला नाही."

वही कचेरीत फिरली आणि फिरत फिरत साहेबांच्या टेबलावर पोचली. साहेबांना डॉक्टरांनी नुकतंच खाण्यापिण्यावरून घाबरवलं होतं. त्यांनी फर्मान काढलं, शुक्रवारी चार वाजता सभागृहात हेडक्लार्कनी सगळ्यांना अनुभव सांगावेत, आणि प्रत्येकाला एकेक ग्लासही द्यावा! पुढल्या महिन्यात सेक्शन ऑफिसरची जागा रिकामी होणार होती, आणि तिथे कोण बसणार हे साहेबांच्या सहीवर होतं. हेडक्लार्कनी त्याच दिवशी गवळ्याला सांगितलं, शुक्रवारी आठ लिटर थेट कचेरीत पोचवा.

इकडे स्वयंपाकघरात बायको केस पुसत आली. पातेलं पाहिलं आणि ओरडली ती सासूवर.

"आई, तुम्ही परत कशाला तापवलंत?"

"परत म्हणजे?" मायलेक एकदमच बोलले.

मग सगळंच बाहेर आलं. बायको रोज सव्वापाचला उठून, थर्मामीटर लावून, दूध त्रेसष्ट अंशांवर बरोबर तीस मिनिटं ठेवायची, गार करायची आणि अंघोळीला जायची. ती आत गेली की सासू उठायची, त्याच दुधाला तीन उकळ्या आणायची, साय काढून टाकायची आणि पातेलं बर्फाच्या पाण्यात बसवायची. एकीचा दुसरीला पत्ता नाही!

"मला वाटलं, ही शिकलेली. नवऱ्याचं ऐकत असेल," सासू म्हणाली.

"मला वाटलं, आई मुलाचं ऐकत असतील," सून म्हणाली.

"या घरात माझं कुणी ऐकतं की नाही?"

सासूनं ओटा पुसायला घेतला, सुनेनं पातेलं उचललं.

"मग माझा गुडघा?" हेडक्लार्कचा आवाज खोल गेला. "तो कशानं बरा झाला?"

"रोज तीन किलोमीटर चालताय ना गवळ्याकडे!"

तेव्हा त्यांना आठ लिटर आठवले. त्यांनी गवळ्याला फोन लावला.

"दूध कधीच गेलं, साहेब! कचेरीच्या फ्रीजमध्ये ठेवूनही झालं. तापवूनच देणार ना सगळ्यांना?"

"नाही हो, निरसंच."

"अरे देवा! आमच्याकडे मांजरालाही तापवून देतात!"

"चार वाजता सरळ खरं सांगून टाका," बायको म्हणाली. "फार तर हसतील."

"ज्याला हसतात त्याला सेक्शन ऑफिसर कोण करतं?"

हेडक्लार्कनी बायकोचा थर्मामीटर खिशात टाकला आणि कचेरी गाठली. म्हाताऱ्या शिपायाला कोपऱ्यात घेतलं, थर्मामीटर हातात दिला आणि सांगितलं, "दूध गुपचूप तापवा, गार करा. कुणाला बोलू नका." एकवीस दिवस घरात जे चाललं होतं, ते आता ते स्वतःच करत होते!

तीन वाजून पन्नास मिनिटांनी शिपाई हेडक्लार्कच्या टेबलाशी आला.

"झालं, साहेब. म्हणजे... निम्मं झालं. पातेल्यात चारच लिटर मावतात. दुसऱ्या खेपेला गॅस संपला."

"मग तापवलेलं कुठलं आणि निरसं कुठलं?"

"दोन्ही एकाच पिंपात ओतलं. सगळ्यांना सारखं मिळावं म्हणून!"

हेडक्लार्क सभागृहात धावले. साहेब वेळेआधीच आले होते आणि पिंपापाशी उभे राहून दुसरा ग्लास संपवत होते.

"वा! निरशाची चवच वेगळी! कालच्या पिशवीतल्या दुधाला ही सर नाही!"

मागे बावीस ग्लास भरून तयार. काही तोंडाशी पोचलेले. हेडक्लार्कच्या डोळ्यांसमोर सेक्शन ऑफिसरची खुर्ची आली. मग बावीस पोटं आली. त्यांनी डोळे मिटले.

"थांबा! पिऊ नका! मी एकवीस दिवस तापवलेलंच दूध प्यायलोय! घरच्यांनी तापवलं, मला आज कळलं!"

बावीस ग्लास खाली ठेवले गेले. कुणी हसलं नाही, तेच जास्त वाईट. साहेबांनी रुमालानं मिशी पुसली.

"असं. आणि हे?"

"हे... निम्मं, साहेब."

सोमवारी सकाळी साडेदहापर्यंत साहेब कचेरीत आले नव्हते. त्यांचा रजेचा अर्ज आला आहे. कारणाच्या रकान्यात 'घरगुती' एवढंच लिहिलंय. सेक्शन ऑफिसरची फाइल त्यांच्या टेबलावर आहे. हे लिहीपर्यंत तीवर सही झालेली नव्हती.