बिनदाराच्या घराचे दार

शनिशिंगणापूरच्या वाटेवरील एका वस्तीत लंकाबाईंचे घर होते. त्या परिसराच्या रीतीप्रमाणे घराला चौकट होती, दार नव्हते. कुत्र्यामांजरांसाठी एक फळी आडवी टेकवली की लंकाबाई निर्धास्तपणे रानात जात. अशी श्रद्धा जगासमोर यावी, या सद्हेतूने शासनाने त्या घराची आभासी प्रतिकृती सिद्ध करविली. विशिष्ट चष्मा डोळ्यांना लावताच प्रेक्षक थेट त्या घराच्या उंबऱ्यावर पोहोचे.

हे चष्मे मूळ वास्तूतच ठेवावेत, असा नव्या धोरणाचा आग्रह होता. लंकाबाईंनी आनंदाने जागा दिली. तथापि शासकीय साहित्य कुलूपबंद असावे, असा एक जुना नियमही निघाला. दोन्ही नियमांविषयी समान आदर बाळगणारे प्रकल्प अधिकारी काकासाहेब लोखंडी दार घेऊनच आले.

"सायेब, दार लावल्यावर आमच्या रीतीचं काय व्हईल?"

"आजी, रीत सुरक्षित आहे. ती चष्म्यात जतन झाली. आता काळजी फक्त चष्म्याची."

दार बसले. पुढे असे निदर्शनास आले की, लंकाबाई अद्याप आतच राहतात आणि त्यांच्या चुलीच्या धुराने चष्म्यांची भिंगे काळवंडतात. प्रकल्पाच्या समितीने सहानुभूतिपूर्वक विचार करून त्यांना ओट्यावर हलविले.

"आरं बाबा, माझं देव आत हायती, हातरूण आत हाय. मी निजू कुठं?"

"देव प्रतिकृतीत आहेतच, आजी. आपल्याला प्रवेश विनामूल्य. कधीही चष्मा मागा."

लंकाबाईंनी तो मागितला. समोर सताड उघडी चौकट दिसली, आत चूल दिसली, देव्हारा दिसला. त्यांचे डोळे भरून आले. पदर सावरून त्या घरात शिरल्या आणि कपाळ लोखंडावर आदळले.

"डोळ्याला उघडं आन् कपाळाला बंद! ह्ये कसलं रं घर?"

काकासाहेब संवेदनशील गृहस्थ होते. त्यांनी तक्रारीची तत्काळ दखल घेतली व आठवडाभरात दाराला बाहेरून मऊ गादी बसविली.

आता सुट्टीच्या दिवशी तेथे मोठी रीघ लागते. आपणही सहकुटुंब अवश्य जावे. एकमेकांवर विश्वास ठेवून माणसे कशी राहत असत, हे पाहून मन भरून येते. फक्त छायाचित्र घेताना ओट्यावर बसलेल्या एका म्हातारीला थोडे बाजूला सरकायला सांगावे लागते. ती मध्ये येते.