बिनकडेचं विश्व

जूचंद्रमध्ये रांगोळी न येणारा माणूस शोधावा लागतो, आणि रांगोळीला कड घालायची म्हटलं की बोलवा हरेशला! वीस वर्षं त्यानं दुसऱ्यांच्या रांगोळ्यांना कडा घातल्या. चित्र अल्पेशचं, पाटीवर नाव अल्पेशचं, कड तेवढी हरेशची. यंदा मात्र प्रदर्शनात शाळेची एक अख्खी खोली त्यानं भांडून स्वतःच्या नावावर घेतली. विषय होता विश्व.

तीन दिवस गुडघे सोलवटून त्यानं काळ्या रंगावर आकाशगंगा सोडल्या. शेवटच्या दुपारी त्याची आई पुतळाबाई दारातून डोकावली.

"कड कवा घालनार?"

"आये, विश्वाला कड नसते."

"कोन बोल्ला?"

"मी," कॉलेजात फिजिक्स शिकणारी त्याची मुलगी आर्या म्हणाली. "म्हणजे नक्की कुणालाच माहीत नाही, आजी. ते पसरतंय एवढं नक्की. अनंतपण असेल."

"मंग झाला तर! मी कड घालनार नाय म्हंजे नाय!" हरेश उसळला.

वीस वर्षांचा राग होता तो. हरेशनं तारे थेट चारही भिंतींना भिडवले आणि मागे सरकत सरकत दारातून बाहेर पडला.

घाम पुसून त्यानं आत पाहिलं आणि तो थिजलाच. सकाळपासून लाइट नव्हती. आली का बघायला मघाशी त्यानंच सगळी बटणं दाबली होती. समोरच्या भिंतीवर पंख्याचं बटण चालूच राहिलं होतं, आणि मेन स्विचही त्याच भिंतीवर. कड असती तर तिच्या बाहेरून पावलापुरती वाट उरली असती. आता पाय ठेवायचा तो ताऱ्यांवरच. आता बोला!

"बाबा, परीक्षक निघालेत," आर्या फोन बघत म्हणाली.

"आनि लाइट?"

"कधीपण येईल म्हणतात."

अख्खं गाव लाइटची वाट बघत होतं आणि हे तिघं ती येऊ नये म्हणून देवाला हात जोडत होते. आर्यानं धावत जाऊन आंबे काढायची आकडी आणली आणि खिडकीतून आत घातली. टोक बटणापाशी थरथरत पोचलं.

"हलू... वर... अजून थोडी वर..." हरेश खिडकीला नाक लावून सांगत होता.

तेवढ्यात गावभर आरोळी उठली, "आलीऽऽ!"

पंखा आधी कुरकुरला, मग सुटला. आकाशगंगा उठल्या, गरगरल्या, सैरावैरा पळाल्या. आर्यानं बटण बंद केलं तोवर मधोमध नुसती फरशी उरली होती. विश्व चारही भिंतींना जाऊन टेकलं होतं. हरेश उंबऱ्यावर मटकन बसला. त्याला रडूच आलं.

परीक्षक श्रीरंग नाईक दारात आले. त्यांनी चष्मा सावरला, वाकून भिंतीकडेचा रंगीत पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत न्याहाळला आणि हरेशच्या खांद्यावर हात ठेवला.

"हात ओळखला मी, हरेशराव. अशी कड गावात दुसऱ्या कुणाला जमायची नाही," ते म्हणाले. "चित्र काढायला अल्पेश कधी येतोय?"