चौगुले अण्णा आणि मधला स्पीकर

चौगुले अण्णा पहिल्यांदा आमच्या घरात आले तेव्हा त्यांनी नमस्कार केला नाही, टाळी वाजवली. एक हॉलच्या मधोमध उभं राहून, दुसरी खिडकीपाशी जाऊन. मी पाण्याचा पेला हातात धरून उभी. मला वाटलं, आता आरती म्हणतात की काय. ते म्हणाले, "घुमायलंय ओ. जाड पडदे लावा. आणि ही भिंत मोकळी ठेवू नका. पुस्तकं आहेत का घरात?" मग पाणी प्यायले आणि मग आपलं नाव सांगितलं.

पुण्याहून इथं, जे. पी. नगरात येऊन आम्हाला तेव्हा जेमतेम आठवडा झाला होता. अण्णा समोरच्या फ्लॅटमधले. मूळचे निपाणीचे, पण चाळीस वर्षं बंगळुरातच. मराठी बोलता बोलता मध्येच कन्नडात शिरतात आणि परत येतात, त्यांचं त्यांनाही कळत नाही. आनेकलच्या एका कारखान्यात यंत्रं दुरुस्त करायचे. कुठलं बेअरिंग जाणार हे नुसत्या आवाजावरून चार दिवस आधी सांगायचे, असं तेच सांगतात. निवृत्त झाल्यावर ऐकायला यंत्रं उरली नाहीत, तेव्हा त्या कानांनी गाणं धरलं.

त्यांच्या हॉलमध्ये माणसांची सोय नंतर बघितली जाते. कमरेएवढे दोन लाकडी स्पीकर भिंतीपासून तीन फूट पुढं उभे आहेत, त्यामुळं बाल्कनीकडं जायला एका बारीक माणसापुरती वाट उरते. सुमनअक्का, म्हणजे अण्णांच्या पत्नी, ओल्या कपड्यांची बादली पुढं धरून त्या फटीतून आडव्या चालीनं जातात. स्पीकरांसमोर फरशीवर लाल चिकटपट्टीची फुली आणि फुलीवर वेताची खुर्ची. त्या खुर्चीत फक्त अण्णा बसणार.

"दोन्हीकडचं सारखं ऐकू येतं ते इथंच," ते सांगतात. "इथं बसून डोळे मिटले की आवाज दिसला पाहिजे. तंबोरा मागं, तबला उजवीकडं, बाई मधोमध."

एखादा पाहुणा चुकून तिथं टेकला तर ते त्याला उठवत नाहीत. नुसते शेजारी उभे राहतात. तो उठेपर्यंत चहा येत नाही.

टीव्ही आतल्या खोलीत, कपाटावर. हॉलमध्ये लावला तर गाणारी बाई उभी राहणार कुठं, हा अण्णांचा सवाल. अक्कांना सिनेमाचं भारी वेड. त्या मला म्हणायच्या, "मृणाल, एकदा तरी या हॉलमध्ये पाय पसरून सिनेमा बघायचाय गं मला. पण त्या सवतीला उठवणार कोण?"

अण्णा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. "सिनेमाला मधोमध तिसरा स्पीकर लागतो, बोलण्यासाठी. माझ्या हॉलमध्ये तिसरा येणार नाही. कान दोन, स्पीकर दोन. सरी?" सरी म्हणजे ठीक आहे ना, असा तो कन्नड प्रश्न. त्याचं उत्तर त्यांना नको असतं.

गेल्या वर्षी अक्कांच्या टीव्हीचा आवाज वाढत गेला. मालिकांचं संगीत आमच्या स्वयंपाकघरात येऊन फोडणीला बसायला लागलं. मग एक दिवस तो टीव्ही बंदच झाला. अक्का म्हणाल्या, डोळे दुखतात. डोळ्यांचा काडीचा संबंध नव्हता. ऐकू कमी येत होतं आणि ते कबूल करायचं नव्हतं. कानाचं यंत्र अण्णांच्या नकळत आणलेलं होतं, पण घातलं की भांडी डोक्यात आपटतात म्हणून ते मिसळणाच्या डब्याशेजारी पडून असायचं. "गाड्या, संगीत, सगळं ऐकू येतं गं," एकदा बोलून गेल्या, "माणसं काय बोलतात तेवढं कळत नाही. मग बघून काय करू?" त्यानंतर त्या हॉलमध्येही येईनाशा झाल्या. दुपारभर आत पडून राहायच्या. आणि अण्णांचं फुलीवर बसणं आपलं चालूच. खरं सांगते, मला त्यांचा राग यायचा.

अशात आमच्या घरी स्पीकर घ्यायचं निघालं. माझा नवरा मंदार याला सिनेमातली विमानं डोक्यावरून गेलेली हवी होती. मला सकाळी भाकऱ्या करताना गाणं हवं होतं. भांडण अण्णांकडं गेलं.

"पाच डब्यांचा तयार संच आणू नका," अण्णा म्हणाले. "त्यात विमान उडतं, पण गाणाऱ्या बाईला सर्दी झालेली वाटते. आधी समोरचे दोन चांगले घ्या, गाणं ऐकून. अँप्लिफायर मात्र पाचांना पुरेल असा. मधला नंतर, आणि तो त्याच कंपनीचा. घराणं एक पाहिजे, नाहीतर सून मुकी राहते. धडधड करणारा तो मोठा डबा सगळ्यात शेवटी, लागलाच तर." मंदारचा चेहरा पडला, पण ऐकून घेतलं.

शनिवारी आम्ही तिघं शोरूमला गेलो. अण्णांनी दारातच टाळी वाजवली. तिथला विक्रेता धावत आला, "स्वल्प इरि सार," जरा थांबा म्हणाला, आणि त्यानं कौतुकानं एक स्फोट लावला.

"बाँब कुठल्याही डब्यात फुटतो," अण्णा मला म्हणाले. त्याला त्यांनी कन्नडात तंबोरा लावायला सांगितला. वीस मिनिटांत आमचे दोन स्पीकर ठरले. मला गाणं पटलं, मंदारला विमान. मला कडकडून भूक लागली होती आणि मी पर्स उचलली.

अण्णा मात्र परत बसले. खिशातून कापसाचे दोन बोळे काढले, दोन्ही कानांत नीट खोचले आणि विक्रेत्याला म्हणाले, "आता मधले स्पीकर ऐकव. हळू बोलणाऱ्या बायकांचे सीन लाव."

विक्रेता माझ्याकडं बघायला लागला. मी मंदारकडं. कानात कापूस घालून स्पीकर पारखणारा माणूस त्या दुकानानं पाहिला नसावा. अण्णांनी तीन मधले स्पीकर ऐकले, पुन्हा पहिला ऐकला, पुन्हा तिसरा. मध्ये मध्ये डोळे मिटून ओठ हलवायचे, ऐकलेलं वाक्य म्हणून बघायचे. सव्वा तास झाला. माझ्या तोंडून निघालंच, "अण्णा, ऐकायचंच नसेल तर निघूया का?" अर्थात ते त्यांना ऐकू गेलं नाही.

गाडीत त्यांनी बोळे काढले. मांडीवर मधल्या स्पीकरचं खोकं होतं.

"घरी मोजलंय," ते म्हणाले. "घड्याळाची टिकटिक तिला किती पावलांवरनं येते ते बघितलं, ती पाठमोरी असताना. मला तेवढंच यायला एका कानात एवढा कापूस लागतो." त्यांनी बोळा चिमटीत धरून दाखवला. मग दोन्ही बोळे परत खिशात ठेवले. "बेअरिंग मला चार दिवस आधी कळायचं, बाई. हिचं वर्षभर कळलं नाही. हाताच्या अंतरावर होती ओ. मी डोळे मिटून बसलेलो."

माझा राग कुठल्या कुठं गेला आणि स्वतःचीच लाज वाटली.

पुढच्या रविवारी दुपारी अक्कांनी चहाला बोलावलं. हॉलमध्ये दोन स्पीकरांच्या मधोमध टीव्ही होता, त्याच्याखाली तो तिसरा. जुना विनोदी सिनेमा चालू होता. फुलीवरच्या वेताच्या खुर्चीत अक्का, पाय समोरच्या बुटक्या मोड्यावर पसरलेले. अण्णा पार कोपऱ्यात, चपलांच्या रॅकशेजारी प्लास्टिकच्या स्टुलावर. त्यांच्याच हिशोबानं तिथून धड काही ऐकू येत नाही. त्यांची नजर पडद्यावर नव्हतीच.

पडद्यावरची सासू काहीतरी पुटपुटली आणि अक्का खुदकन हसल्या. मी त्यांच्यामागून हसले, माझंच लक्ष नव्हतं.

थोड्या वेळानं अक्का मागं न बघताच म्हणाल्या, "अहो, जरा कमी करा की. एवढा मोठा कशाला?"

आवाजाच्या त्या बटणाला हात लावायची आजवर कुणाची छाती नव्हती. अण्णा लगबगीनं उठले, आवाज कमी केला, आणि परत येऊन बसताना माझ्या कानाशी वाकले. चष्मा हातात होता आणि डोळे भरलेले.

"ऐकलंत?" ते म्हणाले. "मोठा म्हणाली."