प्रमाणित बोट

दुकानातला काटा खरा की खोटा, हे आपण उंबऱ्यातूनच सांगतो, असा त्या वजनमाप निरीक्षकाचा दावा होता. खात्यात त्याचा दरारा होता आणि घरीही असावा अशी त्याची समजूत होती.

बायको शाळेत गणित शिकवायची. मधुमेह तिला लहानपणापासूनचा. आता दोघांना बाळ हवं होतं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, साखरेची तीन महिन्यांची सरासरी, प्रयोगशाळा टक्क्यांत मोजते ती, आधी साडेसहाच्या खाली आणा, मगच पुढचा विचार. बायकोने कंबर कसली. प्रत्येक घास मोजून, इंजेक्शन वेळच्या वेळी आणि रोज सकाळी उपाशीपोटी घरच्या यंत्रावर तपासणी.

पण निरीक्षकाचा नियम असा, की वजन करण्याआधी काटा तपासायचा, तोही प्रमाणित वजन ठेवून. घरात प्रमाणित वजन कोण? तो स्वतः! जन्मात कधी साधी शिंकही न आलेला गडी. म्हणून आधी तो आपलं बोट टोचायचा. यंत्र म्हणायचं एकशे नव्वद. झालं, यंत्र बाद! मग बायकोचे अगदी हवे तसे शंभर आले तरी हा म्हणे, खोट्या काट्यावरचं वजन मी धरत नाही.

अशी तीन यंत्रं बाद झाली. प्रत्येक वेळी हा निरीक्षक म्हणून दुकानात जाब विचारायला जायचा. औषधवाला तर त्याला लांबून पाहूनच शटर ओढू लागला.

"अहो, बाळानं काय काटा पास होईपर्यंत थांबायचं?" बायकोने एकदा हळूच विचारलं. त्यावर त्याने तिला नियम समजावून सांगितला.

तीन महिन्यांनी डॉक्टरीणबाई तिन्ही यंत्रांतले जुने आकडे बघत बसल्या. रोज सकाळी एकशे नव्वद आणि दोनच मिनिटांत शंभर. त्यांच्या कपाळावर आठी पडली. बायकोने पर्सचा पट्टा घट्ट धरला.

"यंत्रंच खोटी आहेत," निरीक्षकाने निकाल दिला.

बाईंनी प्रयोगशाळेचा लिफाफा फोडला. सरासरी सहा पूर्णांक एक. म्हणजे शंभर खरेच होते.

"मग एकशे नव्वद कुणाचे?"

निरीक्षकाने बोट वर केलं. शाळेत करतात तसं. "काटा तपासायचं प्रमाणित वजन मीच," तो म्हणाला.

"यंत्रं चांगलीच होती," बाई म्हणाल्या, "खोट प्रमाणित वजनात आहे." बायकोला त्यांनी बाळासाठी हसून होकार दिला आणि निरीक्षकाला रक्त तपासायची चिठ्ठी.

आठवड्याने त्याचाही निकाल आला. मधुमेहच! बायको हसू दाबत त्याला औषधाच्या दुकानाकडे घेऊन निघाली. समोरून शटर खाली येऊ लागलं तसा निरीक्षक ओरडला, "अहो थांबा, आज गिऱ्हाईक म्हणून आलोय."