डोंगरीच्या गॅब्रियलचा दाखला

सन एकाहत्तरच्या फेब्रुवारीत डोंगरीच्या गॅब्रियलचा डावा पाय थंड पडला. बाकीचा गॅब्रियल गरमच होता. बायको नोराने त्याला बैलगाडीत घालून काशीमीऱ्याच्या संशोधन केंद्रात नेले. डॉक्टरांनी पाय चाचपला.

"धमनीत रक्ताची गुठळी अडकलीय. आठ दिवसांत विरघळली नाही, तर पाय गुडघ्यातून कापावा लागेल."

"औषध न्हाय?"

"आहे ना. त्या कपाटात. पण आधी जनावरावर तपासायचं. कुठलं जनावर, ते समिती ठरवतेय."

"कवापासून?"

"तिसरं वर्ष चालू आहे."

गॅब्रियल समितीच्या दारातल्या बाकावर पाय पसरून बसला. आत कामकाज गंभीरपणे चालू होते. उंदराची धमनी इतकी बारीक, की ती शोधायलाच पोटसमिती नेमावी लागली असती. कुत्र्याची गुठळी बहुधा आपली आपणच विरघळते. मग औषधाला श्रेय कसे मिळणार? माकड माणसाच्या जवळचे, पण अध्यक्ष दर शनिवारी मारुतीला तेल वाहत. उरले डुक्कर. त्याचे काळीज, धमन्या, रक्त, सारे माणसासारखे. मात्र त्याचे नाव इतिवृत्तात घ्यायला कुणी धजेना, म्हणून 'चतुष्पाद क्रमांक चार' मंजूर झाला. आता तो आणायचा कुठून, यासाठी पुढची बैठक जूनमध्ये ठरली.

पाय घोट्यापर्यंत निळा झाला होता. गॅब्रियलने दारातून डोके आत घातले. "साहेब, माज्याकडं हाय एक. पोरीच्या लग्नाला राखलेला. न्या."

पाचव्या दिवशी डुकराच्या पायात गुठळी केली, औषध टोचले. सहाव्या दिवशी डुक्कर कुंपण मोडून पळाले आणि अध्यक्षांच्या बंगल्यातली भेंडी खाऊन आले. सदस्यांनी एकमेकांना हार घातले.

"आता मला टोचा," गॅब्रियल म्हणाला.

अध्यक्षांनी चष्मा पुसला. "डुक्कर माणसासारखं आहे, हे सिद्ध झालं. पण तुम्ही डुकरासारखे आहात, हे कुठं सिद्ध झालंय? तलाठ्याचा दाखला आणा."

गॅब्रियल एका पायावर तलाठ्याकडे गेला. तलाठ्याने तीस वर्षांत कुणाला नसलेली जमीन, नसलेली विहीर लिहून दिली होती. तरी त्याची लेखणी थबकली. "दोन साक्षीदार लागतील. अर्जदाराला जवळून ओळखणारे."

नोरा पदर खोचून पुढे झाली. "माजा आंगठा पयला घ्या. वीस वर्सं तोंडी सांगते, कोन लिवूनच घेत न्हवता."

"नोरा, आगो, लोक हायत हितं!"

"पाय पायजे का इज्जत?"

दुसरा साक्षीदार शेजारचा ऑगस्टीन. बांधावरून त्याचे गॅब्रियलशी सात वर्षे बोलणे नव्हते. तो न बोलावता धावत आला आणि येताना आणखी चौघांना घेऊन आला, न जाणो कमी पडले तर. शिक्का पडला: 'सदर इसम डुकरासारखा असल्याची समक्ष खात्री केली असे.'

आठव्या दिवशी औषध टोचले. दिवस मावळेपर्यंत पाय गरम झाला. गॅब्रियल चालत घरी गेला, ऑगस्टीनच्या दारावरून, मान वर करून.

केंद्राचा नियम तेव्हापासून कायम झाला. दाखल्याचा नमुना आता छापील मिळतो, नावाची तेवढी जागा मोकळी असते. वाचकहो, हसू नका. धमन्या तुम्हालाही आहेत. वेळ आली तर साक्षीदार शोधत मात्र फिरू नका. तुमच्या शेजाऱ्यांनी सह्या कधीच करून ठेवल्या आहेत.